कोल्हापुरात घरी मावशी ठेवताना: ब्युरोची सेवा कशी आहे आणि मनाची टोचणी कुठं महागात पडते

आधी निकाल सांगून टाकतो. कोल्हापुरात ब्युरोमार्फत, म्हणजे घरी पेशंट सांभाळायला माणूस पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, मिळणाऱ्या घरच्या रुग्णसेवेला आम्ही पाचपैकी तीन गुण देऊ. माणूस मिळतं, बऱ्यापैकी लवकर मिळतं, आणि अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची स्वच्छता, कूस बदलणं, भरवणं ही रोजची कामं नीट दाखवून दिली तर नीट होतात. दोन गुण कापले ते शिक्षण, बदली माणूस आणि लेखी व्यवहार या तिन्ही बाबतींत बहुतेक ठिकाणी आनंदीआनंद असतो म्हणून. पण ही सेवा फसते तेव्हा सगळा दोष ब्युरोचा नसतो. ती घेणारं माणूस शांत डोक्यानं घेत नाही. ‘आईचं करायला परकी बाई ठेवली’ ही टोचणी पोटात घेऊनच ते फोन लावतं. मग शिफ्ट चुकीची घेतली जाते, माणूस चुकीच्या दर्जाचं मागवलं जातं आणि बोलायचं तिथं बोललं जात नाही. म्हणून इथं सेवेबरोबर त्या टोचणीचाही हिशेब मांडला आहे.

येणारं माणूस कोण असतं

पांढरा कोट घालून आलेल्या प्रत्येकीला घरचे ‘सिस्टर’ म्हणायला लागतात आणि घोटाळा तिथंच सुरू होतो. ब्युरोकडं साधारण तीन दर्जांची माणसं असतात. पहिली मावशी किंवा मामा, म्हणजे अटेंडंट. काहींनी काही महिन्यांचा कोर्स केलेला असतो, काही नुसत्या दवाखान्यात राबून शिकलेल्या असतात, आणि अनुभवी मावशी ही कोर्सवाल्या पोरीपेक्षा पुष्कळदा उजवी निघते. दुसऱ्या एएनएम, तिसऱ्या जीएनएम. या दोघी शिकलेल्या नर्स; त्यांची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागायचा. त्यात कुणाचा अपमान होत नाही, आणि ज्या ब्युरोला तसं वाटतं तो ब्युरो सोडून द्यायचा.

अंग पुसणं, डायपर, कूस बदलणं, भरवणं, चाकाच्या खुर्चीत बसवणं, तोंडाची स्वच्छता ही मावशीची कामं. नाकातल्या नळीतून पातळ आहार देणं तिला नर्सनं समोर बसून शिकवलं असेल तरच. नळी घालणं, लघवीची कॅथेटर बदलणं, इंजेक्शन, सलाईन, खोल जखमेचं ड्रेसिंग ही कामं तिची नाहीतच. ती ‘मला येतंय ओ’ म्हणाली तरी नाहीत. त्यासाठी नर्सला तेवढ्यापुरतं घरी बोलावता येतं. बहुतेक ब्युरो भेटीच्या हिशेबानं पाठवतात.

टोचणी इथं पहिला खड्डा खणते. मावशी पुरेशी असताना लोक ‘आईला सगळ्यात चांगलंच द्यायचं’ म्हणून जीएनएम नर्स मागवतात. दर कितीतरी जास्त. वर डायपर बदलणं आपलं काम नाही असं ती म्हणते, आणि तिच्या जागेवरून ते बरोबरच असतं. आठवड्यात कुरबुर, पंधरवड्यात माणूस बदललेलं. पेशंटला नळी, सक्शन (घशातला कफ मशीननं ओढून काढणं), ऑक्सिजन यांतलं काही नसेल तर चांगली मावशी आणि ठरावीक दिवशी नर्सची एक भेट, ही जोडी भारी नर्सपेक्षा जास्त उपयोगी पडते.

दिवसाची शिफ्ट की रात्रीची

या अख्ख्या व्यवहारातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा, आणि नेमका हाच बहुतेक घरांत उलटा घेतला जातो.

पर्याय तीन: दिवसाचे बारा तास, रात्रीचे बारा तास, किंवा चोवीस तास घरातच राहणारी मावशी. घरात दिवसा कुणीच नसेल, सगळे नोकरीवर असतील, तर प्रश्न मिटला; दिवसाची शिफ्ट घ्यावीच लागते. पण सून, लेक किंवा बायको घरी आहे, पैसे एकाच शिफ्टचे आहेत, अशा घरातही दिवसाचीच शिफ्ट घेतली जाते. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘रात्री तरी आपण करावं की.’ रात्रीचं करणं म्हणजे खरी सेवा, आणि रात्री बाईच्या भरवशावर सोडलं म्हणजे आपण हात झटकले, असा हा हिशेब.

प्रत्यक्षात काय होतं बघा. पेशंट रात्री साडेअकराला, दोनला आणि साडेचारला उठतो. लघवी, तहान, कूस, नाहीतर स्मृतिभ्रंश असेल तर ‘मला घरी ने’ असा धोशा. सांभाळणाऱ्याची झोप सलग दोन तासांच्या वर जात नाही. असे दहा-बारा दिवस गेले की सकाळी औषधाच्या वेळी हात थरथरतो, आवाज चढतो, घास जरा जोरात तोंडात कोंबला जातो. नंतर दिवसभर ‘मी आईवर खेकसले’ हे मनाला खात राहतं. ही टोचणी प्रेम कमी पडल्याची नाही, झोप कमी पडल्याची आहे, आणि तिच्यावर इलाज म्हणजे रात्रीची मावशी.

रोज परवडत नसेल तर आठवड्यातल्या तीन रात्री मागा. ब्युरो आधी नाही म्हणतात, कारण त्यांना महिन्याचं माणूस लावायला सोपं जातं. दुसऱ्या एखाद्या घराशी रात्री वाटून घ्यायची तयारी दाखवली तर जमतं. रात्रीची मावशी झोपते ही सार्वत्रिक तक्रार आहे आणि ती खरी आहे. त्यावर ओरडून काही होत नाही. दर दोन तासांनी कूस बदलून कागदावर वेळ आणि बाजू लिहायची, मधल्या वेळात आडवं व्हायला हरकत नाही, असं पहिल्याच दिवशी मोकळेपणानं ठरवलं की काम होतं. मोबाइलवर गजर तिच्यासमोर लावून द्या.

चोवीस तासांची मावशी ऐकायला स्वस्त वाटते, कारण दोन शिफ्टच्या पैशांपेक्षा ती कमी घेते. पण एक माणूस चोवीस तास जागं राहत नाही. पेशंट रात्री झोपणारा असेल तरच हा पर्याय धरावा, तिला दुपारी सलग दोन-तीन तास विश्रांती आणि आठवड्याची सुटी देऊन. रात्री तीनदा उठणारा पेशंट असेल तर महिन्याभरात मावशी तरी पळते, नाहीतर पेशंटची पाठ तरी फुटते, म्हणजे पडून पडून जखमा होतात.

शिफ्टची वेळ ठरवताना केएमटीच्या शहर बसचं आणि एसटीचं वेळापत्रक बघा. मावश्या करवीर, पन्हाळा, हातकणंगले, कागल या भागांतल्या गावांतून येतात. रात्री आठला सुटणाऱ्या बाईची शेवटची गाडी चुकत असेल तर ती साडेसातपासून दाराकडं बघायला लागते आणि संध्याकाळचं डायपर तसंच राहतं. साडेसात ते साडेसात ठेवा, भांडण मिटतं.

पहिले तीन दिवस

सकाळी बाई आली, तिला औषधाचा डबा दाखवला आणि घरचे कामाला लागले, अशी सुरुवात झालेली सेवा चांगली निघाली तर ते नशीब. दुसरं टोकही तेवढंच वाईट: मावशी स्टुलावर बसलेली आणि घरची बाई सगळं स्वतःच करतेय, कारण ‘तिला आईची सवय कळत नाही’. पैसे जातात, दमणूक तशीच राहते.

पहिल्या दिवशी तुम्ही करा, तिनं बघावं. दुसऱ्या दिवशी तिनं करावं, तुम्ही बघा, आणि बघताना हात मागं बांधून ठेवा. तिसऱ्या दिवशी दोन तास घराबाहेर जा. खरंच जा. रंकाळ्यावर चक्कर मारा, बँकेचं काम करा, नाहीतर नुसतं बहिणीकडं जाऊन पडा. वीस मिनिटांत परत येऊन दाराआडून बघायचं नाही. तुम्ही समोर असेपर्यंत पेशंट तिच्या हातून घास घेत नाही. त्याला माहीत असतं की जरा कण्हलं की लेक धावत येते. तुम्ही नसताना मात्र बरेच पेशंट तिच्याकडून निमूट खातात. हे कळल्यावर काहींना हायसं वाटतं आणि काहींना वाईट वाटतं; दोन्ही चालतं.

भिंतीवर एक कागद लावा. वेळ, कूस (डावी, उजवी, पाठ), काय आणि किती दिलं, लघवी किती मिली, शौच, औषध, सही. एवढेच रकाने. त्यातच खाली डॉक्टरांचा आणि दोन नातेवाइकांचा नंबर. हा कागद मावशीवर पाळत ठेवायला नाही, हे तिला सांगा. तो तुमच्या टोचणीवरही उपयोगी पडतो. रात्री मन खायला लागलं की एकच प्रश्न विचारायचा: उद्या सकाळी बदलता येईल असं यात काही आहे का? ‘दुपारची कूस साडेतीन तास बदलली नाही’ हे बदलता येतं. कागदावर खूण करा आणि विषय संपवा. ‘मी दुपारी झोपले’, ‘मला कंटाळा आला’, ‘हे एकदाचं संपावं असं वाटलं’ यात बदलण्यासारखं काही नसतं. शेवटचं वाक्य तर वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या बहुतेकांच्या मनात कधी ना कधी येतं. कुणी बोलून दाखवत नाही, एवढंच.

सेवा सुरू होण्याआधी आणखी एक काम करा. आईच्या अंगावरच्या पाटल्या, अंगठ्या, कानातलं उतरवून ठेवा आणि त्याची यादी दोघांच्या सह्यांनी करा. संशयासाठी नाही. हाताला सूज आली की पाटली रुतते आणि मग कापूनच काढावी लागते. शिवाय उद्या एखादी वस्तू कपाटात सरकली तर गरीब बाईवर आळ येत नाही. आधार कार्डाची प्रत घ्या, आणि तुमच्या हद्दीतल्या पोलिस ठाण्यात माहिती देऊन ठेवा, मग ते जुना राजवाडा असो, लक्ष्मीपुरी असो, शाहूपुरी की राजारामपुरी.

पाठ, गादी आणि वाकळ

मावशी चांगली की वाईट हे ओळखायची जागा म्हणजे पेशंटची माकडहाडावरची कातडी. रोज सकाळी अंग पुसताना माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं आणि कानाच्या कडा उजेडात बघायच्या. लालसर डाग दिसला तर बोटानं दाबून सोडायचा. पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही रंग तसाच राहिला तर पाठ फुटायची सुरुवात झाली असं समजून त्या बाजूवर झोपवणं थांबवायचं आणि नर्सला बोलवायचं. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथं आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागतं का ते हातानं बघायचं.

बऱ्याच मावश्यांना दवाखान्यातून आलेली एक जुनी सवय असते: लाल जागेवर स्पिरिट चोळायचं आणि वर पावडर थापायची. दोन्ही बंद करा. चोळल्यानं आतली दुखावलेली कातडी आणखी दुखावते, स्पिरिटनं कोरडी पडते, पावडर ओलीत गोळा होऊन घासते. मधोमध भोक असलेली गोल रबरी उशीही नको. तिच्या कडेवर दाब येऊन मधला रक्तपुरवठा उलट कमी होतो.

हवेची गादी भाड्यानं किंवा विकत घेतली जाते. ती साध्या गादीवर अंथरायची, पंप पायाकडच्या बाजूला लटकवायचा, नळ्या दुमडू द्यायच्या नाहीत आणि पंपाचं बटण पेशंटच्या वजनाप्रमाणं ठेवायचं. मग माकडहाडाच्या खाली गादीच्या तळाशी हात सरकवून बघायचं. हाताला हाड टेकतंय असं वाटलं तर हवा कमी आहे. वर एकच सैल सुती चादर आणि लागलं तर एक अंडरपॅड. इथं घराघरात एकच गोष्ट घडते: ‘आईला ते रबर टोचेल’ म्हणून मायेनं वर जाड वाकळ अंथरली जाते. झालं, गादीचे फुगे खाली आपले फुगताहेत आणि कमी होताहेत, वर पेशंटला त्याचा पत्ता नाही. लाईट गेली की बऱ्याच गाद्यांची हवा हळूहळू उतरते, म्हणून खाली साधी गादी हवीच. आणि हवेची गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही, असं होत नाही. दोन तासांचा नेम नर्सनं सांगितल्याशिवाय लांबवू नका.

कूस म्हणजे पूर्ण आडवं नव्हे. साधारण ३० अंश कलतं, पाठीमागं उशी, गुडघ्यांमध्ये उशी, आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी. सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. खाली आडवी चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी उचलून सरकवायचं. पेशंट जड असेल आणि मावशी एकटी असेल तर त्या कामासाठी घरातलं एक माणूस हजर पाहिजे. एवढं केलं नाही आणि मग कातडी सोलली म्हणून तिला बोल लावला, तर तो अन्याय आहे.

भरवण्यातली माया

आपल्याकडं प्रेम ताटातून दाखवतात, आणि कोल्हापुरात तर विचारूच नका. अण्णांना अर्धांगवायू झालाय, गिळताना ठसका लागतो, तरी रविवारी घरात मटण शिजलं की कुणाला तरी वाटतं, दोन चमचे पांढरा रस्सा द्यायला काय हरकत आहे, पातळ तर आहे. नेमकी तीच हरकत आहे. गिळायची ताकद गेलेल्या माणसाला पाण्यासारखं पातळ सगळ्यात धोक्याचं, कारण ते घशात थांबत नाही, सरळ श्वासनलिकेत उतरतं. तांबड्याच्या तिखटानं ठसका आणखी वाढतो. त्यातून फुप्फुसात संसर्ग होतो, आणि तो जिवावर बेततो. किती दाट द्यायचं, काय द्यायचं हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून किंवा डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि त्या दाटपणाचा एक नमुना वाटीत करून मावशीला दाखवा. नुसतं ‘दाटसर’ म्हणालात तर प्रत्येकीचं दाटसर वेगळं असतं. चवीसाठी जीव तळमळत असेल तर पेशंट पूर्ण जागा आणि ताठ बसलेला असताना जिभेला नुसती चव लावता येईल का, तेही डॉक्टरांनाच विचारा. कधी कधी हो म्हणतात.

नळीतून देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. नाकाजवळची खूण सरकलेली नाही ना हे बघून, ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून, आहार आपल्या वजनानं उतरू द्यायचा. दाबून ढकलायचा नाही. नंतर साधारण ३० मिली पाणी. पुढं अर्धा ते एक तास तसंच बसतं ठेवायचं आणि मग डोकं खाली घ्यायचं, कारण तासन्‌तास उंच ठेवलं की पेशंट खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी ताणली जाते. गोळ्या कुटून देताना प्रत्येक गोळी कुटायची नसते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर सगळं औषध एकदम अंगात जातं, म्हणून केमिस्टला चिठ्ठी दाखवून विचारा. देताना खोकला सुरू झाला किंवा ओठ निळसर दिसले तर लगेच थांबायचं. हे कागदावर ठळक लिहा.

पेशंट कमी खातो यावर घरात सगळ्यात जास्त रडारड होते. शेवटच्या टप्प्यात शरीराची भूक आपोआप कमी होते. तोंड मिटून घेणाऱ्याला बळजबरीनं भरवण्यात त्याचा फायदा नसतो, ठसक्याचा धोका मात्र असतो. मावशीनं वाटी अर्धी परत आणली तर तिला फैलावर घेण्याआधी हे आठवा.

पाहुणे, गल्ली आणि पैसे

‘काय ओ वैनी, बाई ठेवलासा व्हय?’ हा गल्लीतला प्रश्न नेहमी कुचकटपणानंच विचारलेला असतो असं नाही, पण लागतो. त्याहून जास्त लागतात ते वर्षातून दोनदा फळांची पिशवी घेऊन येणारे जवळचे नातेवाईक. ते तासभर बसतात, आई वाळली म्हणतात, मावशीच्या कामात चूक काढतात आणि संध्याकाळच्या गाडीनं जातात. यावर वाद घालू नका, काम द्या. भिंतीवरचा कागद दाखवा, पुढची दोन तासांची पाळी त्यांच्याकडं सोपवा, आणि महिन्याच्या खर्चातला त्यांचा वाटा किती हे त्याच बैठकीत ठरवा. लांब राहणाऱ्याची टोचणी पैशांत बदलून घेतली तर ती सगळ्यांच्या उपयोगाची असते. भावंडांमध्ये हे सरळ बोललं जात नाही म्हणून पुढं वाटणीच्या वेळी ते फुटतं.

ब्युरोशी बोलताना रोजचा दर विचारून थांबू नका. नोंदणी फी किती, ती परत मिळते का, पैसे मावशीच्या हातात द्यायचे की ब्युरोकडं, त्यातले तिला किती पोचतात, सणाला दुप्पट आहे का, जेवण कुणाचं, खाडा झाला तर बदली किती तासांत. चोवीस तासांत बदली देऊ असं लिहून देणारा ब्युरो धरा. आगाऊ पूर्ण महिना भरू नका, आठवड्यानं द्या. खर्चात ग्लोव्ह्ज धरायचे राहतात: दिवसाला पाच वेळा डायपर बदललं तर दहा ग्लोव्ह्ज, म्हणजे शंभरची पेटी दहा दिवसांत संपते.

दोन-तीन आठवड्यांत मावशी उचल मागते. गरज खरी असते. पण घरच्यांना तिच्याबद्दलही टोचणी असते, म्हणून मोठी रक्कम दिली जाते आणि ती अंगावर चढली की फेडण्यापेक्षा दुसरं घर धरणं तिला सोपं पडतं. तीन दिवसांच्या पगाराच्या वर उचल नाही, हे आधी सांगा. उलट जिथं द्यायचं तिथं कंजुषी होते: वेळेवर जेवण, बसायला खुर्ची, दुपारची विश्रांती. तिचा चहाचा कप वेगळा ठेवणारी घरं अजून आहेत. अशा घरात मावशी टिकत नाही आणि टिकू नये.

गणपती, नवरात्र, दिवाळी, ज्योतिबाची चैत्र यात्रा, गावची जत्रा या दिवसांत खाडे होणारच. महिनाभर आधी बदली सांगून ठेवा. जुलै-ऑगस्टचा बंदोबस्त त्याहून महत्त्वाचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी पस्तीसच्या पुढं सरकायला लागलं की नदीपलीकडच्या मावशीला घरी मुक्कामाला बोलवायचं की गावातली बदली घ्यायची हे ठरवून टाका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात रस्ते दिवसेंदिवस बंद होते. दहा दिवसांची औषधं, डायपर, पातळ आहाराची पावडर आणि पंपासाठी इन्व्हर्टर ही तयारी त्या आधीची.

मावशीनं भागत नाही तेव्हा

सेवा लावून महिना झाला, कामं वाटली गेली, झोप मिळायला लागली, तरी मन हलकं होत नसेल तर तो प्रश्न ब्युरोचा राहिला नाही. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायला अमेरिकेतल्या स्टीव्हन झारिट यांनी सहकाऱ्यांसोबत १९८० मध्ये मांडलेली प्रश्नावली जगभर वापरतात. सध्या चालते तिच्यात २२ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. त्यातले दोन प्रश्न थेट टोचणीचे आहेत: आपण आणखी करायला हवं असं वाटतं का, आणि आपण अधिक चांगलं सांभाळू शकतो असं वाटतं का. समुपदेशकाकडून ती मावशी ठेवण्याआधी आणि दोन महिन्यांनी भरून घेतली तर सेवेचा खरा उपयोग आकड्यात दिसतो. एकूण गुण उतरले आणि हे दोनच तसेच राहिले, असं झालं तर बोलण्याची गरज आहे, आणखी राबण्याची नाही.

झोप मिळूनही झोप न येणं, जेवणावरची वासना जाणं, सतत रडू येणं, जीव नकोसा वाटणं, किंवा पेशंटवर हात उचलला जाणं, यांतलं काहीही असेल तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. केंद्र सरकारनं तो १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केला. समोर बसून बोलायचं तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथं केसपेपर काढून जाता येतं. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी, त्यात छळ आणि कायदेशीर सल्लाही आला, एल्डरलाइनचा क्रमांक १४५६७. तो सकाळी ८ ते रात्री ८. हात उचलला गेलेल्या माणसानं स्वतः फोन केला म्हणून त्याला कुणी लगेच पकडून नेत नाही. फोन लावण्याआधी त्या दिवसापुरती पेशंटची जबाबदारी दुसऱ्याकडं द्या, आणि कॉट सोडून दुसऱ्या खोलीत जा.

पेशंट गेल्यावर ब्युरोचा हिशेब त्याच आठवड्यात पुरा करा. मावशीचे राहिलेले दिवस आणि जमलं तर वर थोडे. भाड्याची कॉट, गादी, ऑक्सिजनची मशीन परत करताना अनामतीची पावती सोबत न्या आणि गादी धुऊन वाळवूनच द्या, नाहीतर पैसे कापतात. भिंतीवरचे कागद मात्र लगेच फाडू नका, आणि रात्री एकट्यानं चाळतही बसू नका. ‘त्या दिवशी लघवी कमी होती, तेव्हाच नेलं असतं तर’ असल्या शंका त्यातून निघतातच. त्या एका कागदावर लिहा, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची पंधरा मिनिटं मागा, आणि एकेक प्रश्न विचारून उत्तर त्याच्यापुढं लिहून घ्या. बहुतेक डॉक्टर वेळ देतात. जाताना भावंडांपैकी जो सगळ्यात जास्त बोलत होता त्याला सोबत न्या.